नाशिकला वाइन चाखायला जाताय? आधी जेवण ठरवा

नाशिकच्या वायनऱ्या पाहायला निघालेल्या मंडळींची तयारी बहुतेक वेळा हॉटेल आणि फोटोंच्या जागा ठरवण्यातच संपते. कुठे, कधी आणि काय खायचं हा प्रश्न दुपारी दोन वाजता उभा राहतो. तोवर तीन ठिकाणची वाइन रिकाम्या पोटात गेलेली असते. मग हाताशी येईल ते झणझणीत काहीतरी मागवलं जातं, त्याच्याबरोबरची रेड वाइन कडू आणि जळजळीत लागते आणि "वाइन काही आपली नाही बुवा" असं ठरवून माणूस घरी परततो. क्रम चुकला की चांगली वाइनही वाईट लागते. म्हणून इथल्या पायऱ्या जेवणाभोवती रचल्या आहेत: दिवसाला फक्त दोन वायनऱ्या, मध्ये एक निवांत जेवण आणि चाखण्याचा प्रत्येक घोट खाऊन-पिऊन झालेल्या पोटावर.

१. महिना आणि वार निवडा

जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत जावं. हा वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा काळ असतो. वेलींवर घड दिसतात, वायनरीत द्राक्षं चिरडणारा क्रशर चालू असतो आणि टाक्यांजवळ उभं राहिलं की आंबणाऱ्या रसाचा वास येतो. काही ठिकाणी द्राक्षं पायांनी तुडवण्याचा कार्यक्रमही ठेवतात. मुलांना त्याची मजा वाटते, पण बाटलीतली वाइन तशी बनत नाही.

थंड देशांत वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी होते, तेव्हा काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या फळछाटणीनंतर घड धरतात. छाटण्या दोन, पीक मात्र एकच, आणि ते कोरड्या, थंड रात्रींत पिकतं. त्यामुळे जून ते ऑगस्टमध्ये गेलात तर गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार आणि देखणा मिळेल, पण वेलींवर द्राक्षं शोधू नका. टेस्टिंग आणि सेलर (वाइन मुरवण्याची जागा) बाराही महिने तसेच असतात.

वार शक्यतो मंगळवार ते गुरुवार धरा. शनिवार-रविवारी मोठ्या वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये इतकी गर्दी असते की ओतणाऱ्याला दोन वाक्यं बोलायलाही सवड नसते, आणि ती दोन वाक्यं ऐकण्यासाठीच तर आपण तिथवर जातो.

तारीख पक्की करण्याआधी ड्राय डे तपासा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस लक्षात राहतात. आषाढी एकादशी आणि अनंत चतुर्दशी मात्र लोक विसरतात. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही बंद. त्या दिवशी वायनरीचं रेस्टॉरंट उघडं असू शकतं, पण वाइन मिळणार नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. पर्वणीच्या आसपासचे दिवस या सहलीसाठी सरळ वगळा.

२. एका दिवसाला एकच दिशा

वायनऱ्या एकमेकींपासून लांब आहेत आणि नकाशावर हे अंतर फसवं दिसतं. तीन दिशा ध्यानात ठेवा.

गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, तिच्या शेजारी यॉर्क आणि आणखी पुढे सोमा. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी इथेच जावं. अंतरं कमी आहेत, जेवणाची सोय आहे आणि मोठी वायनरी व लहान वायनरी यांतला फरक एकाच दिवशी कळतो. यॉर्क २०२१ मध्ये सुलाने विकत घेतली, तरी तिथल्या टेस्टिंगचा पसारा लहान आहे. सकाळी सुला आणि संध्याकाळी यॉर्क हा क्रम बरा, कारण दिवस चढेल तशी सुलातली गर्दी वाढते आणि यॉर्कच्या गच्चीवरून दिसणारा धरणाचा काठ उन्हं उतरल्यावर खुलतो.

दुसरी दिशा इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावची: व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. मुंबईहून येणाऱ्यांना ही वाटेत पडते. व्हॅलोने छोटी आहे आणि मुकणे धरणाजवळचा तिचा परिसर शांत आहे. जेवणावर लक्ष असणाऱ्याला मी दुसऱ्या सहलीत इकडेच पाठवेन.

तिसरी दिशा दिंडोरीची. शांदोंची स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन तिथे बनते. या बाजूला आधी फोन करून, भेट देता येते का हे विचारल्याशिवाय निघू नका.

पुण्याहून वाइनसाठी नाशिकलाच जायला हवं असं नाही. सोलापूर जिल्ह्यातलं अकलूज जवळ पडतं आणि तिथे फ्रतेल्लीच्या बागा आहेत. इटालियन सान्जोवेझे द्राक्षाची वाइन तिथे चाखायला मिळते. तिथे मुक्कामाचं आधी ठरवूनच जायचं असतं.

३. सोबत काय हवं

- जन्मतारीख असलेलं मूळ ओळखपत्र: आधार, वाहन परवाना किंवा पासपोर्ट. महाराष्ट्रात वाइनसाठी किमान वय २१ आहे आणि चेहरा तरुण दिसत असेल तर हमखास विचारतात.
- मद्यपरवाना. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. बाटल्या विकत घेऊन घरी ठेवणार असाल तर काढून ठेवलेला बरा.
- टेस्टिंगच्या बुकिंगची पावती, वेळेसकट. पोचल्यावर बघू म्हणाल तर सुटीच्या दिवशी दोन-तीन तास ताटकळाल.
- प्रत्येकी एक लिटर पाणी.
- थर्माकोलचा किंवा जाड कापडाचा थंड राहणारा डबा. कशाला, ते दहाव्या पायरीत येईल.
- छोटी वही किंवा मोबाइलमध्ये कोरी टीप. चौथ्या पेल्यानंतर पहिला कसा होता हे कोणालाच आठवत नाही.

अत्तर, परफ्यूम आणि मोगऱ्याचा गजरा या दिवसापुरते घरी ठेवा. गजऱ्याचा वास इतका दाटून राहतो की शेजारच्या चौघांनाही वाइनचा वास घेता येत नाही. तंबाखू, मावा, पान खाणाऱ्याच्या जिभेला तर त्या दिवशी काहीच कळणार नाही.

४. गाडी कोण चालवणार?

मुंबईहून नाशिक सुमारे १७० किलोमीटर, पुण्याहून साधारण २१०. मुंबईकरांना रेल्वे सोयीची, पण नाशिक रोड स्टेशन शहरापासून लांब आहे आणि वायनऱ्या शहराच्या दुसऱ्या टोकाला आहेत. स्टेशनवरून धरणापर्यंत पोचायला पाऊण ते एक तास धरा.

अ‍ॅपवरून मागवलेली टॅक्सी जाताना सहज मिळते, परतताना धरणाच्या बाजूला मिळेलच असं नाही. म्हणून दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवा आणि थांबण्याच्या वेळेचे पैसे आधीच बोलून घ्या. स्वतःची गाडी नेली तर एकाने थेंबही घ्यायचा नाही, थुंकून चाखणंही नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे कसाऱ्याचा घाट उतरायचा असतो.

५. सकाळी पोटभर खा, पण मिसळ नको

नाशिकला जाऊन मिसळ खायची नाही हे अनेकांना पटणार नाही. मिसळ जरूर खा, मात्र आदल्या संध्याकाळी किंवा परतीच्या सकाळी. काळ्या मसाल्याची तर्री चढवल्यावर जीभ तास-दोन तास तापलेली राहते. त्यावर अल्कोहोल गेलं की जळजळ वाढते आणि वाइनमधला नाजूक वास-चव काहीच पोचत नाही.

टेस्टिंगच्या आधी दीड-दोन तास पोहे, उपमा, इडली किंवा ऑम्लेट-पाव असं खा. थोडं तूप-लोणी असलेलं बरं, त्याने अल्कोहोल हळू चढतं. दात घासल्यावर लगेच चाखू नका. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या द्रव्यामुळे तासभर सगळंच कडवट लागतं. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

६. वायनरी फिरताना हे विचारा

टूर अर्ध्या-पाऊण तासाची असते आणि बरेच गाइड पाठ केलेलं सांगतात. दोन-तीन नेमके प्रश्न विचारले की तेही खुलतात.

"ही द्राक्षं कितव्या ब्रिक्सला तोडली?" ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. वाइनचं द्राक्ष साधारण २२ ते २४ ब्रिक्सला तोडतात, खायच्या द्राक्षाहून ते बरंच गोड असतं. हीच साखर यीस्ट खाते आणि तिचं अल्कोहोल होतं. संधी मिळाली तर एक मणी तोंडात टाकून बघा: लहान, जाड सालीचा, आत बिया. मग साल वेगळी चावा. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतच असतो, गराचा रस जवळजवळ बिनरंगी असतो. म्हणून व्हाइटसाठी द्राक्षं लगेच पिळून नुसता रस आंबवतात आणि रेडसाठी सालीसकट आंबवतात. रोझेला, म्हणजे गुलाबी वाइनला, साली काही तासच रसात राहतात.

"ही वाइन स्टीलच्या टाकीत राहिली की ओकच्या पिंपात?" या उत्तरावर पुढची अर्धी चव समजते. स्टीलमधली वाइन फळासारखी ताजी राहते. ओकमधून व्हॅनिला, नारळ आणि लवंगेचा वास उतरतो. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो, तेच द्रव्य भाजलेल्या ओकमध्येही असतं. त्यामुळे आपल्या मसाल्याच्या डब्याशी सलगी असलेलं नाक हा वास पटकन ओळखतं.

७. चाखायचं कसं

टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा वाइन, प्रत्येकी ३० मिलिलिटरच्या आसपास मिळतात. सहा घोटांचे १८० मिलिलिटर झाले. दोन वायनऱ्यांत मिळून ३६०, म्हणजे ७५० मिलिलिटरची जवळपास अर्धी बाटली. तिसरी वायनरी नको म्हणतो ते या हिशेबामुळे.

क्रम असा: आधी स्पार्कलिंग, मग व्हाइट, रोझे, रेड आणि शेवटी गोड वाइन. उलट्या क्रमाने गेलात तर रेडच्या तुरटपणानंतर व्हाइट पाण्यासारखी आणि गोड वाइननंतर बाकी सगळ्या आंबट लागतात. "मी फक्त रेडच पिणार" असा हट्ट पहिल्या दिवशी धरू नका. नाशिकच्या हवेत व्हाइट द्राक्षं फार चांगली येतात, माझ्या मते इथली खरी ताकद तीच आहे.

पेला दांड्याला धरा. भांड्याला हात लावला की वाइन तापते. पांढऱ्या कागदावर पेला तिरका करून कडेचा रंग पाहा. व्हाइटमध्ये हिरवट छटा असेल तर वाइन तरुण आहे, तपकिरी झाक दिसली तर वयस्क किंवा हवा लागलेली. रेडमध्ये कड जांभळी असेल तर नवी, विटकरी असेल तर जुनी.

आता न हलवता एकदा वास घ्या. मग पेला टेबलावरच ठेवून चार-पाच वेळा गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी वास मोकळा होतो. पुस्तकी नावं शोधू नका, स्वयंपाकघर आठवा. सोविन्यों ब्लाँ या व्हाइटमध्ये गवती चहा, कैरी, हिरवी ढोबळी मिरची सापडते. शेनिन ब्लाँ या दुसऱ्या व्हाइटमध्ये पेरू, अननस, थोडा मध. शिराझ या रेडमध्ये जांभूळ आणि काळी मिरी. मिरीच्या दाण्यात आणि शिराझच्या सालीत वास देणारं द्रव्य एकच आहे, रोटंडोन त्याचं नाव, त्यामुळे तो भास नसतो. ज्याला जे सापडेल ते लिहून ठेवा. त्यात चूक-बरोबर नसतं.

मग चमचाभर घोट घ्या आणि चार-पाच सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा. तीन गोष्टी तपासा. जिभेच्या कडांना पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या आणि गाल आतून कोरडे, ओढल्यासारखे झाले तर ते टॅनिन, कोऱ्या कडक चहासारखं. घशात ऊब जाणवली तर ते अल्कोहोल. गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनात सेकंद मोजा. चव दहा सेकंद रेंगाळली तर वाइन चांगली, दोन सेकंदांत विझली तर साधी.

थुंकण्यासाठी टेबलावर भांडं असतं, नसेल तर मागून घ्या. हे असभ्य नाही. वाइनच्या धंद्यातली माणसं दिवसाला कित्येक वाइन अशाच चाखतात. पेल्यात उरलेली वाइनही त्याच भांड्यात ओता. "पैसे दिलेत, संपवायलाच हवं" या हिशेबाने माणूस चौथ्या पेल्यापर्यंत चाखणं थांबवून प्यायला लागतो. दोन वाइनमध्ये पाण्याचा घोट आणि साध्या पावाचा किंवा खाऱ्या बिस्किटाचा तुकडा पुरे. मसाला शेंगदाणे आणि चकली हा चकणा टेस्टिंग संपल्यावर.

८. दुपारचं जेवण: आपल्या ताटाशी काय जमतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, दीड-दोन तास. वायनऱ्यांच्या मेनूवर पिझ्झा-पास्ता हमखास असतो आणि तो वाइनबरोबर सोपा जातो. पण आपलं जेवण वाइनबरोबर जमत नाही हा समज काढून टाकायची हीच जागा आहे. जमवायला चार नियम पुरतात.

तिखटावर गोडसर आणि थंड. मिरचीची जळजळ अल्कोहोल आणि टॅनिनने वाढते, साखरेने आणि थंडाव्याने निवते. म्हणून तिखट रश्श्याबरोबर १४ टक्के अल्कोहोलची जड रेड मागवणं ही सगळ्यात नेहमीची चूक. त्याऐवजी किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा रिस्लिंग, चांगली गार करून. कोंबडीच्या रश्श्यालाही हीच चालते. ठेचा, खर्डा आणि लसणाची चटणी मात्र वाइनपासून दूर ठेवा, कुठलीच टिकत नाही.

तळलेल्यावर बुडबुडे. बटाटावडा, कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, रवा लावलेला बोंबील यांच्याबरोबर कोरडी, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग ही माझ्या मते महाराष्ट्रातली सगळ्यात जुळलेली जोडी आहे. आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा कापतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मीठही मदत करतं, त्याने वाइनचा आंबटपणा आणि कडूपणा मऊ होतो. चटणी हिरवी आणि सौम्य असू द्या, चिंचेची गोड चटणी टाळा.

आंबटाला त्याहून आंबट. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर वाइन बेचव, सपाट लागते. हिरव्या चटणीतलं पापलेट, लिंबू पिळलेली कोळंबी, कोथिंबिरीचं वाटण घातलेलं काहीही सोविन्यों ब्लाँबरोबर घ्या. तिच्यातच हिरवा वास आणि आंबटपणा आहे. आमसुलाच्या सोलकढीशी मात्र कोणत्याही वाइनची झटापट नको, ती जेवण संपल्यावर वेगळी प्या.

टॅनिनला मांस. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला धरतात, म्हणून एरवी ओठ आवळणारी कॅबर्ने ही रेड मटणाबरोबर मखमली होते. अट एकच: मटण सुकं आणि मसाल्याचं असावं, मिरचीचं नसावं. काळी मिरी, लवंग, दालचिनी, भाजलेलं खोबरं असलेलं मटण सुकं आणि शिराझ. दोन्हींकडे मिरी असल्याने एकमेकांचे वास वाढतात. तांबडा रस्सा या जोडीतून बाद. पांढऱ्या रश्श्याबरोबर विओन्ये ही व्हाइट घेऊन बघा, नारळाचं दूध आणि तिचा पिकल्या फळांचा वास छान जुळतात.

शाकाहारी मंडळींनी रोझेकडे वळावं. भरली वांगी, मसालेभात, पिठलं, तंदूरमधलं पनीर या सगळ्यांना ती सांभाळून घेते. गोडसर मसाल्याच्या भरल्या वांग्याला हलकी, गार केलेली रेडही चालते. मेथी आणि कारल्याबरोबर टॅनिनची रेड नको, कडूवर कडू चढतं.

मासे आणि रेड वाइन का नको, याचं कारणही जाणून घ्या. रेडमध्ये लोहाचा अंश जास्त असला की तेलकट माशाशी संयोग होऊन तोंडात लोखंडी, शिळकट चव येते. बांगडा आणि तारली यांच्याबरोबर हे सगळ्यात जास्त जाणवतं.

गोडाला एकच नियम: वाइन पदार्थाहून गोड असावी. लेट हार्वेस्ट (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, गोड) शेनिन ब्लाँ जायफळाच्या पुरणपोळीबरोबर घ्या, तूप बेताचं. श्रीखंड आणि जिलबी फारच गोड, त्यांच्यापुढे वाइन आंबट पडते.

९. रेस्टॉरंटमध्ये बाटली मागवताना

वेटर आधी लेबल दाखवतो. नाव आणि विंटेजचं, म्हणजे तोडणीचं, साल तुम्ही मागवलंय तेच आहे ना, एवढंच बघायचं. मग तो पेल्यात थोडीशी ओततो. हा घोट वाइन आवडली की नाही हे सांगण्यासाठी नसतो, ती बिघडलेली नाही ना हे तपासण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद कपाटाचा कुबट वास आला तर कॉर्क खराब आहे. कापून ठेवलेल्या, काळपट पडलेल्या सफरचंदाचा वास आला तर हवा लागली आहे. जॅमसारखा शिजलेला वास आला तर बाटली कुठेतरी तापली आहे. तिन्ही बाबतींत बाटली परत करणं हा तुमचा हक्क आहे, संकोचू नका. स्क्रूचं झाकण म्हणजे हलकी वाइन ही समजूतही सोडा. कॉर्कचा दोष त्यात येतच नाही आणि आपल्या हवेत ते झाकण उत्तम चालतं.

पेल्यावर वाइन घेणार असाल तर "बाटली कधी उघडली?" हे विचारा. "आज" किंवा "काल" या उत्तराखेरीज काहीही आलं तर दुसरी मागा. पेला साधारण १५० मिलिलिटरचा असतो, म्हणजे बाटलीत पाच पेले. तिघांत मिळून पाच पेले घेणार असाल तर बाटलीच स्वस्त पडते.

रेड कोमट आली तर बर्फाची बादली मागा आणि दहा मिनिटं त्यात ठेवा. काही वेटर गोंधळून बघतील, तरी मागा. बिलात दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो. अन्नावर जीएसटी असतो. सेवाशुल्क ऐच्छिक आहे, नको असेल तर काढायला सांगता येतं.

१०. बाटल्या विकत घेणं आणि घरी नेणं

पहिल्या दिवशी डझनभर बाटल्या घेऊ नका. जेवताना आवडलेल्या दोन-तीनच घ्या आणि एखादी ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मिळाली तर तीही. वायनरीत अशी एखादी वाइन असते जी बाहेरच्या दुकानात येत नाही, पैसे तिच्यावर खर्च करा. जी तुमच्या गल्लीतल्या दुकानात मिळते ती वाहून आणण्यात अर्थ नाही.

लेबलावरचं साल बघा. भारतीय व्हाइट आणि रोझे तोडणीच्या सालापासून दोन वर्षांच्या आत प्यावी. जुनी म्हणून ती जास्त चांगली होत नाही. चांगल्या रिझर्व्ह (वायनरीने खास निवडून मुरवलेल्या) रेड काही वर्षं टिकतात. कॉर्क वर सरकलेला किंवा झाकणाखाली चिकट ओघळ असेल तर ती बाटली तापलेली आहे, घेऊ नका.

गाडीची डिकी हा वाइनचा सगळ्यात मोठा शत्रू. मार्च-एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते आणि दोन तासांत आठ महिन्यांची मेहनत शिजून जाते. खरेदी दिवसाच्या शेवटी करा, बाटल्या थंड डब्यात आणि डबा माणसं बसतात तिथे, एसीजवळ.

बिल जपून ठेवा आणि बाटल्या सीलबंदच न्या. आणि ही सूचना ठळकपणे: बऱ्याच लोकांचा बेत नाशिक, वणी आणि पुढे सापुतारा असा असतो. सापुतारा गुजरातेत आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. गाडीत सीलबंद वाइन असली तरी तो गुन्हा ठरतो. त्या बाजूला जायचं असेल तर वायनरी परतीच्या दिवशी ठेवा.

११. घरी आल्यावर

फ्रिजच्या वर, गॅसजवळ किंवा खिडकीत बाटली ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवा. कॉर्कची बाटली आडवी, म्हणजे कॉर्क सुकत नाही. स्क्रूची कशीही. उन्हाळ्यात घर ३० अंशांवर जात असेल तर सगळ्याच बाटल्या फ्रिजच्या भाजीच्या खणात गेलेल्या बऱ्या.

रेड "रूम टेंपरेचरला" प्यावी हे थंड देशांतल्या खोल्यांपुरतं खरं आहे. जड रेडला १६ ते १८ अंश हवेत, हलक्या रेडला १४ ते १६. नागपूर सोडाच, ठाण्याच्या खोलीतही मे महिन्यात पारा ३० च्या वर असतो. म्हणून रेड उघडण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट आणि रोझे ८ ते १२ अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी. स्पार्कलिंग ६ ते ८ अंशांना, थेट फ्रिजमधून. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फाने दुप्पट वेळ लागतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटते.

स्पार्कलिंग उघडताना तार सैल करण्यापासून कॉर्क निघेपर्यंत अंगठा कॉर्कवरच ठेवा. बाटली ४५ अंशांत तिरकी धरा, कॉर्क घट्ट पकडा आणि बाटली फिरवा. आवाज हलकाच यायला हवा, धडाक्याने उडालेला कॉर्क डोळ्याला लागू शकतो.

उरलेली वाइन झाकण लावून फ्रिजमध्ये, रेडसुद्धा. व्हाइट आणि रोझे तीन ते पाच दिवस, रेड तीन-चार दिवस, स्पार्कलिंग खास बूच लावून जास्तीत जास्त दोन दिवस टिकते. त्यानंतर ती पेल्यात नको. कांदा परतताना किंवा मटणाच्या रश्श्यात अर्धी वाटी टाका आणि झाकण न ठेवता पाच मिनिटं उकळू द्या.